आमसुलाने उजळलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुना कंडेन्सर आहे आणि मी फार भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी हसायला नको. घासलेटच्या डब्याएवढे माझे अंग, डोक्यावर चिनी मातीची दोन शिंगे, आणि वजन असे की दोन माणसांनी हात लावल्याशिवाय मी जागचा हलत नाही. एवढा दांडगा गडी भितो तरी कोणाला, असे तुम्हाला वाटेल. मी दुसऱ्या कोणाला भीत नाही. मी मलाच भितो.

तुमच्या शाळेच्या पुस्तकात माझे नाव धारित्र असे छापलेले असते. दुकानात मला कोणी त्या नावाने हाक मारली नाही. वीज भरून घ्यायची, धरून ठेवायची आणि सांगितले की एका क्षणात सोडून द्यायची, एवढेच माझे काम. धरून ठेवणे मला छान जमते. सोडणे मात्र पुरते जमत नाही. सगळे सोडले असे वाटते, मलासुद्धा वाटते, आणि थोडे आत राहतेच. माझ्या या एका खोडीपायी एका माणसाची दोन बोटे कायमची निकामी झाली आणि गेल्या खंडेनवमीला एक जीव जाता जाता राहिला. ती गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यातला. धातूचा पातळ वर्ख, त्यावर पातळ कागद, पुन्हा वर्ख, पुन्हा कागद, अशी लांबच लांब गुंडाळी करून मला पत्र्याच्या डब्यात बसवले. मग आतली हवा ओढून काढली आणि डबा एरंडेलाने भरला. हसू नका. पोट साफ व्हावे म्हणून पूर्वी नाक दाबून ज्याचा चमचा पाजत, तेच एरंडेल माझ्या पोटात काठोकाठ आहे. ते कागदात मुरले आणि मी तयार झालो. माझ्या दोन शिंगांपैकी एक आतून डब्याच्या पत्र्यालाच जोडलेले आहे आणि दुसरे सुटे आहे. म्हणजे एक हात डब्यावर आणि दुसरा हात सुट्या शिंगावर ठेवला, तर माझ्यातली वीज त्या माणसाच्या छातीतून जाणार. एवढे लक्षात ठेवा.

कुठल्याशा प्रयोगशाळेत माझी पहिली वर्षे गेली. मग तिथे नवी यंत्रे आली आणि मी भंगारात पडलो. भंगाराच्या ढिगातून मला उचलले ते गंगारामने. रत्नागिरीहून देवरूखला जाणाऱ्या रस्त्यावर, एका वळणाला त्याचे दुकान आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर पत्रे, मागे घर आणि दारावर पाटी, 'येथे चुंबक भरून मिळतील'. तेव्हा तो तरुण होता, अंगाने काटक आणि बोलायला कमी. त्याने जाड तांब्याच्या तारेचे एक वेटोळे केले, मला त्याच्याशी जोडले आणि यंत्र उभे केले. मी सावकाश वीज भरून घ्यायचो. गंगाराम कळ दाबायचा. माझी सगळी वीज एका झटक्यात त्या वेटोळ्यातून धावायची आणि मध्ये ठेवलेला मेलेला चुंबक जिवंत व्हायचा.

चुंबक मरतो म्हणजे काय, तेही सांगतो. चुंबकाच्या पोटात धुळीच्या कणाहून लहान असे असंख्य तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा एक छोटा चुंबकच असतो. ते सगळे एका दिशेला तोंड करून उभे असतात तोवर चुंबकाला जोर. मग उन्हाने, इंजिनाच्या तापाने, आपटण्याने एकेक तुकडा मान फिरवतो. आधी भराभर, मग हळूहळू. नव्याने भरलेला चुंबक पहिल्या दिवशी जेवढे विसरतो, तेवढेच विसरायला त्याला पुढे दहा दिवस लागतात, आणि त्यानंतर तेवढ्यालाच शंभर दिवस. विसरणे मंदावते, पण थांबत नाही. म्हणून गंगाराम ताजा चुंबक कधी लगेच हातात द्यायचा नाही. तो फळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "विसरायचा तेवढा हितंच विसरू दे. राहील तो आपला."

त्या काळी आमच्याकडे रांग असे. फटफट्यांचे चुंबक यायचे, होड्यांच्या इंजिनांचे यायचे, शिमगा जवळ आला की नमन मंडळांचे आवाज बसलेले कर्णे यायचे. गंगारामने भरलेला चुंबक आलेल्या पाहुण्यासारखा चिकटतो, असे लोक चेष्टेने म्हणत. खेडहून आणि दापोलीहून माणसे एसटीने चुंबक मांडीवर घेऊन येत. कोणी माझ्या डब्यावर थाप मारून "काय गडी हाय!" म्हणाले की मी आतल्या आत फुलायचो. तेव्हा मी भित्रा नव्हतो. माझ्या पोटात काय चालते याचा मलाच पत्ता नव्हता.

एक दिवस गंगारामने मला सकाळी भरले आणि तेवढ्यात वेटोळ्याचे टोक तुटलेले त्याला दिसले. ते जोडण्यात अर्धा दिवस गेला. तोवर मी भरलेलाच उभा. दुपारी त्याने वाळलेल्या चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठीला तांब्याचा आकडा बांधला आणि माझे सुटे शिंग व डबा यांना तो आकडा एकदम टेकवला. मोठा आवाज झाला, निळा लखलखाट झाला आणि मी रिकामा झालो. तो मागे घरात गेला. हौसाने, म्हणजे त्याच्या बायकोने, जेवण वाढले होते. तो निवांत जेवून परत आला, डावा हात माझ्या डब्यावर टेकला आणि उजव्या हाताने माझ्या शिंगावरचा नट सैल करायला गेला.

मित्रांनो, तो जेवत होता तेवढ्या वेळात माझ्या पोटात काय चालले होते ते ऐका. एरंडेलाच्या आणि कागदाच्या कणांना दोन टोके असतात, एक धन आणि एक ऋण. मी भरलेला असलो की हे कण विजेच्या ओढीने वळून उभे राहतात. जे मोकळे असतात ते चटकन वळतात. जे दाट तेलात, कागदाच्या आत दाबलेले असतात ते तासन् तास वळत राहतात. वळलेला प्रत्येक कण वर्खावरची थोडी वीज आपल्यापाशी अडकवून ठेवतो. आकडा टेकवला की चटपटे कण त्याच क्षणी माघारी फिरतात. संथ कणांना मात्र सोडून दिल्याचे कळतच नाही. ते मागाहून, आपल्या चालीने परत फिरतात, आणि ते फिरले की त्यांनी अडकवलेली वीज मोकळी होऊन पुन्हा वर येते. आपल्याकडचा जांभा पावसाचे पाणी पितो आणि पाऊस थांबल्यावर चार दिवस भिंत पाझरत राहते, तसेच हे आहे. जितका वेळ भरून ठेवाल तितके जास्त मुरते, आणि जितके मुरते तितके परत येते.

मला दोन शिंगे आहेत, पण तोंड एकही नाही. मी ओरडू शकलो नाही. गंगाराम समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. तो वाचला, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटे तेव्हापासून वळत नाहीत. हौसा धावत आली आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की मला फुटून जावेसे वाटले.

"ह्याला नेऊन खाडीत ढकला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर नको हा."

"त्याचा काय दोष गो," गंगाराम भिंतीला टेकून म्हणाला. "मीच त्याला रिकामा समजलो."

त्या दिवसापासून मी भितो. आणि त्याच दिवसापासून गंगारामचा नेम सुरू झाला. भरलेला कंडेन्सर ताटकळत ठेवायचा नाही. काम झाले की चिव्याच्या काठीने ठोका द्यायचा आणि हौसाकडे चहा मागायचा. चहा पिऊन दुसरा ठोका द्यायचा. तेव्हाही बारीकशी ठिणगी उडायची आणि तो हळूच म्हणायचा, "अजून हाय." मग सावकाश पान लावायचे, खायचे आणि तिसरा ठोका द्यायचा. त्यानंतर सुट्या शिंगापासून डब्यापर्यंत तांब्याची जाड पट्टी नटाने आवळून बांधायची. पट्टी बांधलेली असली की आतून जे काही वर येईल ते तिथल्या तिथे जिरून जाते. ती पट्टी अंगावर असली की मला झोप लागल्यासारखे वाटायचे. गिऱ्हाइकांना घाई असायची, ती हसायची, पण गंगारामने चहा आणि पान कधी चुकवले नाही.

खारी हवा तांब्याला सोडत नाही. पट्टी काळी पडली, तिच्यावर हिरवी बुरशी चढली. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची आणि दर वर्षी हौसा म्हणायची की एवढी पट्टी काढून द्या, आमसुलाने घासून सोन्यासारखी करते. देवापुढे सगळी हत्यारे लखलखीत आणि हीच तेवढी काळीकुट्ट, याची तिला लाज वाटे. गंगाराम दर वर्षी नाही म्हणायचा. पट्टी अंगावर असतानाच तिला हळदकुंकू लागायचे.

अशी किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. मग गंगाराम विसरायला लागला.

आधी पाना कुठे ठेवला ते विसरला. मग गिऱ्हाइकांची नावे, मग आज कोणता वार ते. मला ते कळत होते, कारण एकदा त्याने पहिल्या ठोक्यानंतर दोनदा चहा मागवला. दुकान बंद पडू नये म्हणून त्याचा मुलगा सर्वेश मुंबईची लिफ्ट दुरुस्तीची नोकरी सोडून आला. पोरगा हुशार आहे, हाताचा सफाईदार आहे आणि बापावर त्याचा जीव आहे. पण तीन ठोक्यांचा नेम त्याला म्हाताऱ्याची सवय वाटे. तो एकच ठोका द्यायचा आणि लगेच पट्टी बांधून टाकायचा. पट्टी होती म्हणून निभावले.

गेल्या खंडेनवमीच्या आदल्या वर्षी, दसऱ्यानंतर महिनाभराने एका सकाळी गंगारामने हौसाला विचारले, "तुमी कुठल्या?"

हौसाच्या हातात चहाची कपबशी होती. ती "देवरूखची," म्हणाली. ते तिचे माहेर. कपबशी त्याच्या बाजूला ठेवून ती आत निघून गेली. त्यानंतर गंगारामने तिला नावाने हाक मारली नाही. तो दुकानातल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे पाहत राही. शिमग्याच्या सुमारास हौसाच्या छातीत कळ आली आणि तिला रुग्णालयात ठेवावे लागले. हृदय कमकुवत झाले आहे, धक्का बसता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले. सर्वेश हे एका गिऱ्हाइकाला सांगत होता तेव्हा मी ऐकले. धक्का हा शब्द ऐकून मला माझी आठवण झाली.

आता गेल्या खंडेनवमीचा दिवस.

पाऊस सरला होता आणि ऑक्टोबरचे ऊन पत्रे तापवत होते. हे दिवस आंब्याच्या बागांतले गवत कापायचे. सकाळीच बाळाचा फोन आला. हा पलीकडच्या गावातला बागायतदार. त्याच्या गवत कापायच्या यंत्राचा चुंबक गेला होता. "दोरी ओढून ओढून खांदा आला, पण ठिणगी नाय," तो सांगत होता. "दहा मिनटांत पोचतो. सणाचा दिवस हाय, पण वायच एवढा करून दे." सर्वेश म्हणाला, "ये. लाईट हाय तोवर भरून ठेवतो." त्याने माझी पट्टी सोडली आणि मला भरायला लावले.

बाळा दहा मिनिटांत आला नाही. त्याची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली. तो आला तेव्हा अडीच तास उलटले होते. त्या अडीच तासांत सर्वेशने दुकान झाडले, दाराला आंब्याची पाने आणि झेंडूचे तोरण लावले, आणि मी कोपऱ्यात भरलेला उभा. भरलेला कंडेन्सर ताटकळत ठेवायचा नाही, हा नेम मोडला होता. त्यात उकाडा. उकाड्याने एरंडेल पातळ होते आणि संथ कणही नेहमीपेक्षा लवकर वळतात. माझ्या आत खोल खोल वीज मुरत होती आणि मला ते थांबवता येत नव्हते. कोणीतरी मला सोडा, असे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटले असेल.

बाळाचे काम एका झटक्यात झाले. तो चुंबक पिशवीत घालून लगबगीने गेला. सर्वेशने काठीने मला एक ठोका दिला, काठी खिळ्याला अडकवली आणि पट्टी उचलली. तेवढ्यात हौसा दारात आली.

"सर्वेश, ती पट्टी दे मला," ती म्हणाली. "मी आमसुलाची सोलां भिजत घातली हायत. देवापुढं असली काळी पट्टी बरी दिसत नाय."

"बाबा कधी देत नव्हते ना?"

"ते आता कुठं बघतायत," हौसा म्हणाली. "एवढ्या वर्षांची माझी हौस हाय रे. आज तरी दे."

आईचा चेहरा पाहून सर्वेशने पट्टी दिली. यात त्याची तरी काय चूक म्हणू? वर्षभर ती सणासुदीलाही हसली नव्हती. पण माझी दोन्ही शिंगे उघडी राहिली.

हौसा पडवीत बसून पट्टी घासत होती. आमसुलाचा आंबट वास दुकानात येत होता. ती जितकी मन लावून घासत होती, तितके माझ्यात वर येत होते. पहिले संथ कण फिरले. मग त्यांच्या मागचे. आधी एखाद्या बॅटरीच्या सेलएवढी वीज, मग दहा सेलांएवढी. मी स्वतःला आवरायचा प्रयत्न केला, पण आपल्या पोटातला कण आपले ऐकत नाही. थोड्या वेळाने माझ्यात घरातल्या दिव्याच्या तारेत असते तेवढा जोर आला होता. बाहेरून मी होतो तसाच होतो, गप्प, थंड, पत्र्याचा डबा. कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, बिचारा रिकामा आहे.

सर्वेशने बापाला धुतलेला सदरा घातला, कपाळाला गंध लावले आणि आणून खुर्चीत बसवले. गंगाराम नेहमीसारखा रस्त्याकडे पाहत राहिला. पाटावर हत्यारे मांडली होती. हातोडा, पाने, पकड, सगळी पुसून स्वच्छ. हौसाने उजळलेली पट्टी आणली. खरोखर सोन्यासारखी झाली होती. तिने ती ताम्हनात ठेवली, पूजा झाली की सर्वेश बांधील म्हणून. नारळ घरातच राहिला होता, तो आणायला सर्वेश मागे गेला. दुकानात ती दोघे म्हातारी आणि मी, एवढेच उरलो.

हौसाने उजव्या हाताचे बोट पाण्यात बुडवले आणि हळदीत टेकवले. हातोड्याला हळद लागली, कुंकू लागले. मग पकडीला. मग पान्यांना, एकेकाला. ती प्रत्येकाला बोट लावून नमस्कार करत होती, कारण इतकी वर्षे घर याच हत्यारांनी चालवले होते. मग वेटोळ्याला. वेटोळ्याच्या पुढे मीच होतो. बाई, जरा थांबा. सर्वेश, परत ये. कोणीतरी दारात येऊन काही विचारा. मी जीव तोडून हाका मारत होतो आणि दुकानात कसलाही आवाज नव्हता.

ती माझ्यासमोर आली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून वाकताना तिने डावा हात माझ्या डब्यावर टेकला. गंगारामने टेकला होता तसाच डावा हात, तीच जागा. उजवे बोट ओले होते. याच डब्याला एकदा तिने खाडीत ढकलायला सांगितले होते, आणि आज ती मला हळद लावणार होती. मला वाटले, मी खरेच खाडीत असतो तर किती बरे झाले असते. बोट शिंगापासून वीतभर होते.

तेव्हा खुर्ची करकरली.

गंगारामची नजर रस्त्यावरून ताम्हनाकडे वळली होती. तिथे पट्टी चमकत होती. त्याने पट्टीकडे पाहिले, मग माझ्या उघड्या शिंगांकडे. वर्षभर ज्या डोळ्यांत कोणी ओळखीचे नव्हते, त्या डोळ्यांत काहीतरी हलले. तो उठला. हात मागे गेला आणि खिळ्यावरची चिव्याची काठी त्याने न पाहता उचलली. हौसाचे बोट दोन अंगुळांवर आले होते, तेवढ्यात तांब्याचा आकडा तिच्या बोटाच्या आधी माझ्या शिंगाला आणि डब्याला टेकला.

टक!

निळी ठिणगी उडाली. हौसाने हात मागे ओढला आणि ती मटकन खाली बसली. तिच्या बोटाची हळद जमिनीवर सांडली.

"अजून हाय," गंगाराम म्हणाला.

हौसा त्याच्याकडे पाहत राहिली. छातीवर हात होता, पण ती ठीक होती, श्वास चालू होता. मी तो ऐकत होतो. तिने शिंगाकडे पाहिले, ताम्हनातल्या पट्टीकडे पाहिले, आणि तिच्या सगळे ध्यानात आले.

"अवो," ती कशीबशी म्हणाली, "मला कळला नाय."

"च्या आण, हौसा," गंगाराम म्हणाला.

मित्रांनो, अकरा महिन्यांनी त्याने तिचे नाव घेतले होते. ती उठली. आत गेली आणि चहा घेऊन आली. सर्वेश नारळ हातात धरून दारात उभा होता. काय झाले ते त्याला दिसत होते आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो काही बोलायला गेला, पण हौसाने त्याला हातानेच गप्प केले. गंगारामने सावकाश, फुंकर घालत चहा प्यायला. मग दुसरा ठोका दिला. बारीक ठिणगी उडाली. "अजून हाय." मग त्याने पान मागितले. हौसाने डबा उघडून दिला. दोन बोटे न वळणाऱ्या त्याच हाताने त्याने चुना लावला, सुपारी घातली, विडा तोंडात ठेवला आणि तो खाऊन होईपर्यंत माझ्याकडे पाहत उभा राहिला. तिसऱ्या ठोक्याला ठिणगी दिसली नाही. त्याने ताम्हनातली पट्टी घेतली आणि एक टोक हौसाच्या हातात दिले. दोघांनी मिळून ती मला बांधली. मी इतक्या वर्षांत कधी इतका सुटलो नव्हतो.

मग तो खुर्चीत बसला. सर्वेश त्याच्या पायांशी बसून रडत होता. गंगारामने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो कोण हे त्याला माहीत होते की नाही, सांगता येत नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा रस्त्याकडे पाहायला लागला. हौसा जवळ आली तेव्हा त्याने विचारले, "तुमी कुठल्या?"

आता सर्वेश तीन ठोके देतो. चहा पितो, आणि पान खात नाही म्हणून पानाऐवजी घड्याळ लावून थांबतो. पट्टी पुन्हा काळी पडायला लागली आहे आणि हौसा तिला हात लावत नाही. माझी भीती मात्र गेलेली नाही, ती जाणारही नाही. माझे भाऊबंद तुमच्या घराघरांत आहेत. जुन्या टीव्हीत, मायक्रोवेव्हमध्ये, इन्व्हर्टरच्या पेटीत ते गप्प बसलेले असतात. बटण बंद केले, वायर काढली म्हणजे ते रिकामे झाले असे समजू नका. झाकण उघडून आत बोट घालू नका. जाणत्या माणसाला बोलवा, आणि त्यालाही सांगा की एका ठोक्यावर विश्वास ठेवू नकोस. आमच्यात जे मुरलेले असते, ते आमच्या हाती नसते. म्हणून आमची काळजी तुम्ही घ्यायची आहे.

एवढे सांगून मी थांबणार होतो, पण एक राहिले. खंडेनवमीला गंगारामने ते विचारले, तेव्हा हौसा "देवरूखची" म्हणाली खरी, पण या वेळी ती आत निघून गेली नाही. तिने स्टूल ओढले आणि ती त्याच्या शेजारी बसली. आता रोज दुपारी ती तशीच बसते, एक कप त्याच्या हातात आणि एक आपल्या. परवा सर्वेश तिला म्हणाला, "आई, तू उगाच वाट बघतेस. बाबांना आता काय आठवत नाय."

हौसाने गंगारामच्या न वळणाऱ्या बोटांवर आपला हात ठेवला.

"अजून हाय," ती म्हणाली.